ई-मेलची गाळणी कशी लावावी?

दुकानाच्या टपालात जाहिराती येतात, तशी मागणीची पत्रेही येतात. ई-मेलचेही तसेच आहे. नको असलेल्या मेलला 'स्पॅम' म्हणतात. जीमेल असे मेल आपोआप 'स्पॅम' कप्प्यात टाकते आणि ३० दिवसांनी कायमचे काढून टाकते. आरमोरीच्या कोशाची चौकशी करणाऱ्या नव्या ग्राहकाचा मेल चुकून तिथे गेला, तर मागणी हातची जाते. म्हणून व्यापारी बांधवांनी पुढील काळजी घ्यावी.

१) स्पॅम कप्पा दर दोन-तीन दिवसांनी पाहावा. कामाचा मेल सापडल्यास 'नॉट स्पॅम' दाबावे. नको असलेला मेल नुसता खोडू नये, 'रिपोर्ट स्पॅम' दाबावे. त्यामुळे पुढची निवड सुधारते.

२) नेहमीच्या पार्टीसाठी गाळणी लावावी. संगणकावर जीमेलच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'फिल्टर्स' उघडावे, नवा फिल्टर घ्यावा, 'फ्रॉम'पुढे पार्टीचा ई-मेल पत्ता लिहावा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' यावर खूण करून फिल्टर तयार करावा.

३) गाळणीतून आलेला प्रत्येक मेल खरा असतोच असे नाही. 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा' असा मेल ओळखीच्या नावानेही येतो. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करावा. मगच पैसे पाठवावेत. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आलेल्या खबरीची आधी शहानिशा करावी, ही सूरह अल-हुजुरातची शिकवण तिजारतीतही पाळावी.