आधी निदान, मग पाना : जुन्या डिझेल गाडीचा सामूहिक अभ्यास

ग्रामीण महाराष्ट्राच्या गेल्या चार दशकांच्या सामाजिक इतिहासात रस्ता, शाळा आणि दवाखाना यांच्याइतकेच महत्त्वाचे स्थान वडापाच्या गाडीला द्यावे लागेल. एसटी जिथे दिवसातून एकदाच येई, त्या वाडी-वस्तीवरून बाळंतिणीला तालुक्याला नेणारी, बाजारकरूंना परत आणणारी आणि आमच्या वसतिगृहात पहिल्यांदा दाखल होणाऱ्या मुलाची पत्र्याची पेटी टपावर बांधून आणणारी गाडी ही बहुधा डिझेलवर चालणारी जीप, ट्रॅक्स किंवा मॅटॅडोर असे. आज त्यांपैकी अनेक गाड्या वडापातून निवृत्त होऊन शेताच्या बांधावर किंवा घरामागच्या पत्र्याखाली उभ्या आहेत. काही अजूनही चालतात, आणि एखाद्या कुटुंबाचा उदरनिर्वाह त्यांवर अवलंबून असतो.

अशी गाडी बिघडली की मालकासमोर दोनच वाटा उरतात असे त्याला वाटते : सांगतील ते सुटे भाग बदलत राहणे, अथवा मिळेल त्या किमतीला भंगारात देणे. या दोहोंच्या आधी एक तिसरी पायरी असते, ती निदानाची. आमच्या तालुक्याच्या गावी काही वाहनचालक, दोन जुने मिस्त्री, आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम पूर्ण केलेले काही माजी विद्यार्थी आणि प्रस्तुत लेखकासारखे काही जिज्ञासू दर महिन्याच्या एका रविवारी एकत्र जमतात आणि ही पायरी सामूहिकपणे चढण्याचा प्रयत्न करतात. त्या अभ्यासाची पद्धत या लेखात मांडली आहे.

थोडी ऐतिहासिक पार्श्वभूमी

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. जड आणि अवाढव्य असलेले हे यंत्र प्रवासी मोटारीत बसण्याइतके आटोपशीर व्हायला आणखी चार दशके लागली. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही मोटार बाजारात आली. त्याच कंपनीने १९७३ मध्ये २४० डी या मोटारीत ओएम ६१६ हे सुमारे २.४ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणले. पुढे हेच इंजिन परवान्याखाली पुण्याजवळच्या बजाज टेम्पो कंपनीत तयार होऊ लागले आणि मॅटॅडोर व ट्रॅक्स यांच्याद्वारे खेडोपाडी पोहोचले. जर्मनीत टॅक्सीसाठी नावाजलेले इंजिन आपल्याकडे वडापासाठी नावाजले गेले, हा योगायोग नव्हे. मंद गतीने, भरपूर ओझे घेऊन, वर्षानुवर्षे चालण्यासाठीच ते घडवलेले होते.

डिझेलच्या किमतीवर शासनाचे नियंत्रण ऑक्टोबर २०१४ पर्यंत होते आणि दीर्घकाळ ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त राहिले. ज्याचे पोट गाडीवर होते त्याने डिझेलची गाडी घेतली, याचे कारण इतके साधे आहे.

इंजिनाचे तत्त्व

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. आत घेतलेली हवा पिस्टन दाबतो. ओएम ६१६ मध्ये हा दाब देताना हवेचे आकारमान सुमारे २१ पटींनी कमी होते. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात नोझलमधून बारीक फवारा सोडताच डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून या इंजिनाच्या प्रत्येक विकाराचा शोध तीन प्रश्नांवर येऊन थांबतो. हवा पुरेशी येते का? ती पुरेशी दाबली जाऊन तापते का? आणि डिझेल योग्य वेळी, योग्य प्रमाणात, योग्य फवाऱ्याने पडते का? हे तीन प्रश्न ज्याने मनात पक्के धरले, त्याला निम्मे निदान साधले.

अभ्यासाची पद्धत

इतिहासाच्या अभ्यासात साक्ष, पुरावा आणि पडताळणी असा क्रम असतो. आमच्या रविवारच्या बैठकीतही तोच क्रम पाळला जातो. प्रथम गाडीचा मालक किंवा चालक बोलतो. त्याला मध्येच कोणी थांबवत नाही. बिघाड केव्हा सुरू झाला, गार असताना होतो की गरम झाल्यावर, त्याआधी कोणते काम केले होते, हे त्याच्याच शब्दांत लिहून घेतले जाते. मग सर्वजण गाडी पाहतात, ऐकतात, वास घेतात. त्यानंतर प्रत्येकजण आपला अंदाज कारणासह सांगतो. ज्याचे शिक्षण कमी किंवा वय लहान, त्याने आधी बोलावे असा आमचा संकेत आहे, कारण जाणत्याने आधी मत दिले की बाकीचे गप्प बसतात.

यानंतर सर्वांत कमी खर्चाची आणि कमीत कमी उघडझाप करावी लागणारी चाचणी निवडली जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. फिल्टर, नोझल आणि हीटर प्लग एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर गाडी बरी झाली, पण आपण काहीच शिकलो नाही. शेवटी निष्कर्ष नोंदवहीत उतरवला जातो.

काही प्रमुख लक्षणे

*सकाळी सुरू न होणे.* प्रथम सेल्फ इंजिनाला पुरेशा वेगाने फिरवतो का ते पाहावे. बॅटरी अशक्त असेल तर इंजिन मंद फिरते, हवा पुरेशी तापत नाही आणि दोष मात्र पंपाच्या माथी मारला जातो. त्यानंतर हीटर प्लग मल्टिमीटरने तपासावेत. एखादा प्लग निकामी असल्यास गाडी एका सिलिंडरावर मिसिंग मारत, पांढरा धूर सोडत सुरू होते आणि थोड्या वेळाने सुरळीत चालते. फार जुन्या जोडणीत हे प्लग एकाच साखळीत असतात. तिथे एक गेला की चारही गार पडतात.

*सुरू होऊन बंद पडणे.* हे बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरल्याचे लक्षण असते. घट्ट झालेला रबरी पाइप, दबलेला तांब्याचा वॉशर, फिल्टरची नीट न बसलेली रिंग, या तीन जागा आधी पाहाव्यात. पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता बसवला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात आणि वाद मिटतो. हवा काढताना फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून निखळ डिझेल येईपर्यंत थांबावे.

*धूर.* काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर फिल्टर तुंबला आहे का, नोझल फवाऱ्याऐवजी थेंब टाकते आहे का, हे पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढऱ्या धुराला डिझेलचा उग्र वास असेल तर इंधन न जळता बाहेर पडते आहे. गोडसर वास असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गास्केटचा संशय घ्यावा.

*मिसिंग.* इंजिन मंद चालू ठेवून प्रत्येक नोझलच्या पाइपाचा नट क्रमाने किंचित सैल करावा. निरोगी सिलिंडराचा नट सैल केला की आवाज बदलतो. ज्याच्या बाबतीत आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही असे समजावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. नोझलमधून सुटणारा फवारा कातडी भेदून शरीरात शिरू शकतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. म्हणून नटावर जाड कापड धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि बाहेर काढलेल्या नोझलसमोर हात कदापि नेऊ नये.

एक उदाहरण

दोन वर्षांपूर्वी एका भाजीविक्रेत्याची ट्रॅक्स आमच्याकडे आली. सकाळी सुरू होण्यास त्रास, पांढरा धूर आणि चढावर ताकद नाही, अशी तक्रार होती. एका ठिकाणी त्यांना इंजिन पूर्ण उघडून पिस्टन, रिंगा आणि बोअरचे काम करावे लागेल असे सांगण्यात आले होते. तो खर्च त्यांच्या एका हंगामाच्या कमाईएवढा होता, आणि त्यासाठी सोने गहाण ठेवण्याचा विचार घरात चालू होता.

पहिल्या रविवारी हीटर प्लगच्या जागी गेज बसवून कॉम्प्रेशन मोजले. या इंजिनाच्या मूळ जर्मन माहितीनुसार ते २२ ते २४ बार असावे, १५ च्या खाली जाऊ नये आणि सिलिंडरांमधील फरक ३ बारपेक्षा अधिक नसावा. पहिल्या दोन सिलिंडरांत २१ आणि २०, तर तिसऱ्या व चौथ्यात १६ आणि १४ असे आकडे आले. वरवर पाहता इंजिनाचे काम काढण्याचा सल्ला बरोबरच वाटत होता.

तथापि कमी कॉम्प्रेशन म्हणजे झिजलेल्या रिंगा असा अर्थ लगेच काढता येत नाही. दाबलेली हवा रिंगांमधून खाली जाऊ शकते, तशीच नीट न मिटलेल्या व्हॉल्व्हमधून बाहेरही जाऊ शकते. आमच्यातील एका वृद्ध मिस्त्रींनी ऑइल भरण्याचे झाकण काढून त्यावर उलटे ठेवले. रिंगा गेलेल्या इंजिनात बॅक कॉम्प्रेशनमुळे ते थडथड उडते. येथे ते जवळपास स्थिर राहिले. म्हणजे हवा खाली जात नव्हती. व्हॉल्व्हची सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही.

पुढच्या बैठकीत गाडी आदल्या रात्रीपासून उभी ठेवून, गार इंजिनावर फीलर गेजने फटी मोजल्या. गार असताना इनलेटची फट ०.१० आणि एक्झॉस्टची ०.३० मिलिमीटर असावी लागते. शेवटच्या दोन सिलिंडरांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट उरलीच नव्हती. ती नियमानुसार करून दिली, इंजिन तापवून पुन्हा कॉम्प्रेशन घेतले. आकडे २१, २०, २० आणि १९ आले. खर्च झाला तो झाकणाच्या एका गास्केटचा. ती गाडी आजही पहाटे बाजार समितीत जाते.

या उदाहरणाचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक वेळी इतरांचा सल्ला खोटा आणि आमचा खरा ठरतो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या दुसऱ्या एका गाडीच्या फटी बरोबर होत्या, झाकण जागेवर ठरत नव्हते आणि एका सिलिंडरात १३ बारच मिळत होते. चासीही गंजलेली होती. त्या मालकाला आम्ही गाडीवर पैसे घालू नका असे स्पष्ट सांगितले. त्यांना वाईट वाटले, पण कर्ज टळले. निदानाचे काम दिलासा देणे हे नसून खरे काय ते कळवणे हे आहे.

जुन्या गाडीविषयीची जबाबदारी

जुन्या वस्तूवरील प्रेमालाही मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला. हा धूर सर्वांत आधी मिस्त्रीच्या, चालकाच्या आणि रस्त्याकडेच्या वस्तीतील मुलांच्या फुप्फुसांत जातो. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचे नाही, हा आमचा पहिला नियम आहे. बीएस ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांसाठी पीयूसी तपासणीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे. जी गाडी दुरुस्तीनंतरही या मर्यादेत येत नाही, ती चालवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. कागदपत्रे, ब्रेक आणि दिवे यांची पाहणी इंजिनाच्या आधी व्हावी, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

नोंदवहीचे महत्त्व

आमच्यातील वृद्ध मिस्त्री आवाजावरून दोष ओळखतात. हे ज्ञान त्यांनी कोणत्याही विद्यालयात घेतलेले नाही. लहान वयात गॅरेजमध्ये पाने पुसता पुसता ते त्यांच्या कानात आणि हातात उतरले. त्याला प्रमाणपत्र नाही आणि ते कोठे लिहिलेलेही नाही. ज्यांच्या श्रमाची आणि बुद्धीची नोंद कागदावर होत नाही, ते इतिहासातून सहज पुसले जातात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागत नाही. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक गाडीमागे पाच रकाने असतात : तक्रार, पाहिलेली लक्षणे, मोजलेले आकडे, केलेले काम आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण निष्कर्ष खरा होता की नाही ते त्यातूनच कळते. मिस्त्रींनी सांगितलेले प्रत्येक निरीक्षण त्यांच्या नावानिशी लिहिले जाते.

आपापल्या गावी असे मंडळ सुरू करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मोठ्या भांडवलाची चिंता करू नये. मल्टिमीटर, फीलर गेज, डिझेल इंजिनासाठीचा कॉम्प्रेशन गेज, पारदर्शक नळी, चष्मे, वाळूची बादली आणि एक जाड वही इतके साहित्य पुरते. येथे दिलेले आकडे ओएम ६१६ इंजिनाचे आहेत. महिंद्राची जीप, सुमो किंवा अन्य गाडी असेल, तर तिच्या पुस्तिकेतील आकडेच प्रमाण मानावेत. मात्र गाडी कोणतीही असो, मालकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.