जुन्या इंजिनाची हरवलेली ताकद कमी खर्चात कशी मिळवावी?

पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, उसाचा चरक, काँक्रीट मिक्सर, जनरेटर. आपल्या अनेक बांधवांची रोजी आजही एका सिलिंडरच्या जुन्या डिझेल इंजिनावर चालते. काही वर्षांनी "इंजिन ओढत नाही" ही तक्रार सुरू होते. कुणी म्हणतो बोअर करून घ्या, तर कुणी म्हणतो नवे घ्या, हप्ते बांधून देतो. हप्त्यामागून व्याज येते आणि व्याजापासून दूर राहणारा कारागीर पेचात सापडतो. म्हणून कमी खर्चाचे उपाय प्रथम व जास्त खर्चाचे शेवटी, अशा क्रमाने आम्ही येथे माहिती देत आहोत.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. इंजिन केवळ जुने म्हणून दुबळे नसते. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ सालच्या इंजिनानेसुद्धा इंधनातील उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा कामास लावला होता. आपले पाच अश्वशक्तीचे इंजिन आज तीनच देत असेल, तर उरलेली दोन कोठेतरी गळत आहेत. ही गळती शोधणे स्वस्त असते. मूळ पाचाची सहा करू पाहणे मात्र महाग आणि धोक्याचे असते.

मोजमाप

हत्यार हाती घेण्यापूर्वी मोजून पाहावे. टाकी काठोकाठ भरावी, नेहमीच्या भारावर एक तास इंजिन चालवावे आणि पुन्हा काठोकाठ भरण्यास किती डिझेल लागले ते मापाने मोजावे. त्या तासात किती किलो दळण झाले किंवा किती हौद भरले तेही लिहावे. पाच अश्वशक्तीचे चांगले इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक ते सव्वा लिटर डिझेल घेते. प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच मोजणी करावी, म्हणजे कोणत्या खर्चाने फायदा झाला हे वहीत दिसेल.

पट्टा व पुली

पुष्कळदा दोष इंजिनात नसून पट्ट्यात असतो. सैल किंवा तेलकट पट्टा घसरतो आणि इंजिनाची ताकद उष्णता होऊन वाया जाते. अर्धा तास काम झाल्यावर इंजिन पूर्ण बंद करून पुलीला हात लावून पाहावा. ती फार तापली असेल तर पट्टा घसरतो आहे असे समजावे. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे दोरी लावून पाहावे. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणू नये, कारण त्याने बेअरिंग तापते आणि तीही गळतीच होय.

हवा

एक लिटर डिझेल पुरते जळण्यास किमान दहा हजार लिटर हवा लागते. पिठाच्या गिरणीत हवेचा फिल्टर लवकर भरतो. तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर जाळी धुऊन वाटीत खुणेपर्यंत स्वच्छ ऑइल भरावे. परीक्षा करायची तर भारावर दोनचार मिनिटेच फिल्टर काढून पाहावे. काळा धूर कमी झाला तर दोष फिल्टरचा आहे. फिल्टरशिवाय रोज काम करू नये, कारण धूळ लायनर खाऊन टाकते. सायलेन्सर व धुराच्या नळीत जमलेली काजळीही काढावी. धूर बाहेर पडला नाही तर नवी हवा आत येत नाही.

डिझेल व नोझल

डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा, टाकीच्या तळाचा गाळ व पाणी काढावे आणि नळीतील हवा काढून टाकावी. त्यानंतर नोझल पंपाच्या दुकानात टेस्टरवर तपासून घ्यावे. फवारा धुक्यासारखा बारीक व सारखा पडला पाहिजे, थेंब गळता कामा नये. फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. त्याचा दाब इतका असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

टॅपेट, टायमिंग व कॉम्प्रेशन

टॅपेट सैल झाले तर वॉल्व्ह कमी उघडतो. घट्ट झाले तर वॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. इंजिन थंड असताना, दोन्ही वॉल्व्ह बंद अशा स्थितीत, कंपनीच्या पुस्तकात दिलेले अंतर फिलर गेजने ठेवावे. पंपाचे टायमिंगही पुस्तकातील खुणेवरच असावे.

धूर पाहून बरेच कळते. काळा धूर म्हणजे हवा कमी, नोझल खराब किंवा भार जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर टायमिंग उशिरा आहे किंवा कॉम्प्रेशन कमी आहे.

हँडल फिरवताना दाब जाणवत नसेल तर सिलिंडरमध्ये एक चमचा ऑइल सोडून पुन्हा हँडल फिरवावे. दाब वाढला तर रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. वाढला नाही तर बहुधा वॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट गळते. वॉल्व्हचा दोष ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने घासल्याने सुटू शकतो. बोअर किंवा नव्या लायनरचा खर्च ही तपासणी झाल्यावरच करावा.

काय करू नये

पंपाची सील तोडून डिझेल वाढवले की इंजिन चार दिवस जोरात ओढते. पण जास्तीचे डिझेल पुरते जळत नाही, काळा धूर होऊन जाते. पिस्टन व वॉल्व्ह मात्र तापून खराब होतात. न जळता गेलेले इंधन म्हणजे उघड इस्राफ आहे.

गव्हर्नर ताणून फेऱ्या वाढवणे त्याहून धोक्याचे आहे. ६५० फेऱ्यांचे मोठ्या चाकाचे इंजिन ७८० वर पळवले, म्हणजे वेग २० टक्के वाढवला, तर चाकावरील ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. बिडाचे चाक फुटले तर जवळ उभ्या माणसाचा जीव जातो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्यानेही ताकद वाढत नाही. वंगण कमी पडून पंप झिजतो, शिवाय तो गुन्हाही आहे.

मिस्त्री बांधवांना विनंती

गिऱ्हाईक इंजिन आपल्या हवाली करते तेव्हा ती अमानत असते. नोझलने काम भागत असताना बोअरचे बिल करणे ही कमाई हलाल कशी म्हणावी? काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवावा आणि दोष समजावून सांगावा. खरे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि चार माणसे सोबत आणते.

वर सांगितलेली बहुतेक कामे एका सुट्टीच्या दिवसात होतात. ती करून, मोजमाप घेऊनही ताकद परत आली नाही, तरच मोठ्या खर्चाचा विचार करावा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.