ट्रॅक्टरवरील प्लॅस्टिकच्या भागांची ओळख व दुरुस्ती

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे ट्रॅक्टरला विसावा राहत नाही. शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील काळ्या रानांतून भरलेल्या ट्रॉल्या ओढताना चाकोरीचे धक्के बसतात, उसाच्या मोळ्या घासतात आणि बॉनेट, मडगार्ड, छत अथवा दिव्याभोवतालचे आवरण यांना तडा जातो. पूर्वी हे भाग बहुधा पत्र्याचे असत व गावचा कारागीर ते ठोकून सरळ करी. आता त्यांपैकी पुष्कळसे प्लॅस्टिकचे अथवा काचतंतूंचे, म्हणजे ज्यास आपण ‘फायबर’ म्हणतो त्याचे, असतात. त्यांना पत्र्याची रीत लागू पडत नाही. तडा तारेने आवळून वेळ मारून नेली, तर तो वाढत जातो आणि एक दिवस तुटलेला तुकडा चाकात सापडतो. चालकाचा पाय फिरत्या चाकापासून सुरक्षित राहतो तो मडगार्डमुळेच, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दोन मुख्य जाती

गूळ तापविला असता मऊ होतो व निवल्यावर पुन्हा घट्ट होतो. भाजलेली वीट मात्र कितीही तापविली तरी मऊ होत नाही. प्लॅस्टिकचेही असेच आहे. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन व एबीएस ही गुळाच्या जातीची होत; ती उष्णतेने सांधता येतात. काचतंतू व राळ यांपासून केलेले फायबर हे विटेच्या जातीचे होय. ते तापविल्यास करपते, सांधत नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी जात ओळखणे हे पहिले काम होय.

ओळखण्याच्या रीती

(१) भाग काढून त्याची आतील बाजू धुवावी. पुष्कळदा तेथे इंग्रजी अक्षरांत ‘पीपी’, ‘पीई’ अथवा ‘एबीएस’ अशी खूण कोरलेली असते. खूण सापडल्यास पुढील परीक्षांची गरज राहत नाही.

(२) तुटलेली कड पाहावी. तिच्यात केसासारखे चकाकणारे तंतू दिसल्यास तो भाग फायबरचा समजावा.

(३) रंग खरवडलेली एक लहान कपची पाण्याच्या बादलीत बुडवून सोडावी. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथिलीन पाण्याहून हलकी असल्याने वर येतात. एबीएस व फायबर बुडतात. मात्र शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, म्हणून पुढील परीक्षा करावी.

(४) आतील बाजूस अॅसिटोनचा एक थेंब टाकावा. एबीएस चिकट व मऊ होते. पॉलिप्रॉपिलीनवर परिणाम होत नाही. दिव्याच्या पारदर्शक काचेवर ही परीक्षा करू नये. ती तडकण्याचा संभव असतो.

कपची जाळून वास घेण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती टाळावी, कारण काही प्लॅस्टिकांचा धूर विषारी असतो.

दुरुस्तीची पूर्वतयारी

भाग नेहमी ट्रॅक्टरवरून उतरवूनच काम करावे. दिव्याच्या तारा सोडविण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. माती, ग्रीस व रंग पूर्णपणे काढावा. तड्याच्या टोकाशी सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र ड्रिलने पाडावे; त्यामुळे तडा पुढे सरकत नाही. नंतर तड्याच्या दोन्ही कडा तासून त्यास पन्हळीचा आकार द्यावा.

पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथिलीन : यांवर साधा गोंद धरत नाही. गरम हवेच्या बंदुकीने पन्हळ व त्याच जातीची वेल्डिंगची काडी एकाच वेळी मऊ करून काडी दाबत न्यावी. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून उघड्या ज्योतीचा उपयोग करू नये, प्लॅस्टिक पेट घेते. पॉलिप्रॉपिलीनला पॉलिथिलीनची काडी कधीही लावू नये. सांधा दिसतो पण टिकत नाही. जेथे ताण येतो तेथे मागील बाजूस गंजरोधक तारेची बारीक जाळी प्लॅस्टिकमध्ये रुतवावी. सांधा आपोआप निवू द्यावा. त्यावर पाणी ओतू नये.

एबीएस : त्याच जातीचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून दाट लगदा करावा व पन्हळीत थराथराने भरावा. प्रत्येक थर वाळू द्यावा. अॅसिटोन लवकर पेट घेणारे आहे. जवळ विडी अथवा चूल नसावी.

फायबर : तड्याच्या दोन्ही अंगांस मागून काचपेपरने घासावे व काचतंतूंच्या चटईचे दोन-तीन तुकडे, प्रत्येक मागील तुकड्याहून मोठा, राळेत भिजवून बसवावेत. साधारणतः १०० ग्रॅम पॉलिएस्टर राळेस १ ते २ ग्रॅम हार्डनर लागते; तथापि डब्यावरील सूचनेप्रमाणे वागावे. उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून थोडथोडेच कालवावे. हार्डनर व कोबाल्ट अॅक्सिलरेटर परस्परांत सरळ कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. अॅक्सिलरेटर घालावयाचेच असल्यास ते आधी राळेत पूर्ण कालवावे व मगच हार्डनर घालावे. काम उघड्यावर करावे. हातमोजे व चष्मा वापरावा आणि घासताना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी.

काय दुरुस्त करू नये

पी.टी.ओ. दांडीवरील प्लॅस्टिकची संरक्षक नळी फुटल्यास ती सांधू नये, नवीनच बसवावी. ही दांडी सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेते. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर तिच्यात सापडला, तर माणसास हात काढण्याइतकाही अवसर मिळत नाही. नळीच्या किमतीचा विचार करताना ही गोष्ट विसरू नये. तसेच डिझेलची प्लॅस्टिक टाकी गरम हवेने कधीही सांधू नये. रिकाम्या टाकीतील वाफही पेटते.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टर पाहून तडे लहान असतानाच दाखवून द्यावेत. फुटलेला तुकडा शेतकऱ्यांनी टाकून देऊ नये. त्याच प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून सांध्याची काडी होते. मोठे काम असल्यास जात ओळखून तो भाग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी जाणत्या कारागिराकडे न्यावा. दुरुस्तीनंतर रंग अवश्य द्यावा, कारण उघडे प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते. फुरसतीच्या काळात ट्रॅक्टर छपराखाली उभा केल्यास यांपैकी पुष्कळसे काम करावेच लागणार नाही.