शीर नव्हे, मज्जातंतू!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. स्नायू आणि मज्जातंतूंवर मी लेख लिहावा, हा जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना कदाचित आगाऊपणा वाटेल. पण हातपाय काही फक्त विज्ञान शाखेलाच नसतात! शिवाय या विषयातली निम्मी अडचण शास्त्राची नसून शब्दांची आहे, आणि दोन भाषांत वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना ती चटकन दिसते.

पोटरीत गोळा आला की आपण म्हणतो, 'शिरेवर शीर चढली.' मान अवघडली की 'शीर आखडली.' हाताला मुंग्या आल्या की 'शीर दबली.' मनगटावर निळी दिसते, तीही शीरच! माझा कन्नड मित्र अशाच ठिकाणी 'नर' म्हणतो. भाषा बदलली तरी घोटाळा तोच. सुश्रुतसंहितेत मात्र या गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत : सिरा 700, स्नायू 900, पेशी 500. तेथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे बंध आणि पेशी म्हणजे मांसाचे गट. आज मराठीत त्या मांसल गटांनाच आपण स्नायू म्हणतो. बंगालीत तोच शब्द मज्जातंतूला लावतात. म्हणून आधी कोण कोणते काम करतो, ते पाहू.

हाडांना जोडलेले स्नायू आपल्या शरीरात 600 हून अधिक आहेत. हृदयाचा स्नायू आणि आतड्यांसारख्या अवयवांतील स्नायू यांशिवाय ही संख्या आहे. स्नायूला एकच काम येते : आखडून ओढणे. ढकलणे त्याला जमत नाही. म्हणून स्नायूंच्या जोड्या असतात. दंडाच्या पुढचा स्नायू आखडला की कोपर वाकते, मागचा आखडला की सरळ होते. आणि एक आखडत असताना दुसऱ्याने सैल पडायचे असते. आमच्या पुस्तपालनातील द्विनोंदी पद्धतच ही! एका खात्यात नावे, तर दुसऱ्यात जमा. ही नोंद मज्जारज्जूत कशी होते याचा अभ्यास सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी केला. मज्जापेशींच्या कार्यासंबंधीच्या संशोधनासाठी 1932 साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्नायू हा कामगार असेल, तर मज्जातंतू हे कचेरीचे आवक-जावक खाते आहे. मेंदूपासून 12 आणि मज्जारज्जूपासून 31 जोड्या निघतात. हातापायांकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूंत दोन्ही प्रकारचे धागे असतात. जावक धाग्यांतून स्नायूला हुकूम जातो. आवक धाग्यांतून स्पर्श, उष्णता, वेदना यांच्या बातम्या वर येतात. हुकूम स्नायूपाशी पोचला की मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते आणि स्नायू आखडतो. या संदेशाला वेळ लागतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर मोजून दाखवले. वेग भरला सेकंदाला सुमारे 27 मीटर.

आता मुख्य मुद्दा. स्नायूचे दुखणे बहुधा जागच्या जागी असते : दाबले की दुखते, हालचालीने वाढते, विश्रांतीने उतरते. पोटरीतला गोळा म्हणजे स्नायूच आपोआप आखडलेला असतो. पाऊल हळूहळू आपल्याकडे ओढले की तो सुटतो. मज्जातंतूची तक्रार निराळी : मुंग्या, जळजळ, बधिरपणा, वस्तू हातातून निसटणे. आणि ती त्या मज्जातंतूच्या हद्दीतच उमटते. कोपर दारावर आपटले की झिणझिण्या करंगळीपर्यंत धावतात. मार कोपराला, बातमी करंगळीची! कारण तेथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये करंगळीकडे जाणारा मज्जातंतू अगदी उघडा असतो.

आमचे बाबा शिंपीकाम करतात. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन ते उठत आणि हात झटकत बसत. घरात सर्वांचे मत एकच : शीर दबली आहे, तेल चोळा. अनेक महिने तेल चोळून झाले. शेवटी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "करंगळीलाही मुंग्या येतात का?" बाबा म्हणाले, "नाही, करंगळी सोडून." तेवढ्यावरून डॉक्टर मनगटापाशी पोचले. तेथे हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधील अरुंद बोगद्यातून बोटांकडे जाणारे नऊ कंडरे आणि एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू ही त्याची हद्द. रोज तासन्‌तास कात्री चालवणाऱ्या हातात तो दाबला जात होता. डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दाबून पाहिला. हुकूम बराच काळ पोचला नाही, तर तेथला स्नायू झिजतो. आणि तो झिजला की सुई धरणे कठीण. बाबांचा अजून झिजला नव्हता. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी आणि कामात मधूनमधून विसावा, एवढ्यावर हात सुधारला. शिंप्याचा अंगठा म्हणजे आमच्या घराचे भांडवल. ते थोडक्यात वाचले.

याहून मोठा धडा कुष्ठरोगाचा आहे. त्याचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात. आवक बंद पडली की चटका कळत नाही, जखम कळत नाही. जावक बंद पडली की बोटे वाकडी होतात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. ज्या स्नायूला अजून हुकूम मिळतो, त्याचे कंडरे सोडवून ते निकामी स्नायूच्या जागी जोडायचे. रुग्णही सरावाने ते नवे काम शिकत. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. पण मेलेला मज्जातंतू औषधाने परत येईलच असे नाही. म्हणून कातडीवरचा बधिर चट्टा दुखत नाही, हे समाधानाचे नव्हे, काळजीचे कारण समजावे.

मित्रहो, रोगाचे निदान डॉक्टरांनी करायचे. पण त्यांच्यापुढे तक्रार आपण नीट मांडली पाहिजे. दुखते की बधिर आहे? नेमकी कोणती बोटे? ताकद कमी झाली का? घरी आजी-आजोबा 'शीर' म्हणोत की 'नर', हे तीन प्रश्न त्यांना त्यांच्याच भाषेत विचारा आणि उत्तरे चिठ्ठीवर लिहून दवाखान्यात न्या. त्यासाठी विज्ञान शाखेची पदवी लागत नाही.