मुरघासाचा खड्डा केव्हा उघडावा?

वैरण मुरत घालण्याची कृती आता पुष्कळ शेतकरी बंधूंस अवगत आहे. परंतु खड्डा भरताना जितकी दक्षता घेतली जाते तितकी तो उघडताना घेतली जात नाही. आणि वैरणीचा नाश बहुधा येथेच होतो. म्हणून उघडण्याच्या वेळेचा येथे स्वतंत्र विचार करू.

मका अथवा ज्वारी यांची कुट्टी दाबून हवाबंद केली म्हणजे आत उरलेली हवा प्रथम संपते. नंतर दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचेच भाईबंद पिकातील साखरेपासून दुग्धाम्ल तयार करितात, व त्या आंबटपणामुळे कुजविणारे जंतू निकामी होतात. फिनलंडचे शास्त्रज्ञ व्हिर्तानेन यांनी वैरणीत सौम्य आम्ल मिसळून हेच कार्य त्वरित साधिले, व त्यांस १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील मक्यात साखर पुरेशी असल्याने दीड महिन्यात हे काम आपोआप होते. त्यापूर्वी खड्डा उघडू नये.

मग जितके थांबावे तितके बरे काय? इटलीतील पीडमाँट प्रांताचे बारोलो नावाचे तांबडे द्राक्षमद्य ३८ महिने मुरल्यावाचून नियमाप्रमाणे विकता येत नाही, व चांगल्या सालाचे असल्यास पुढेही वर्षानुवर्षे सुधारते. मुरघासाचे तसे नाही. काही महिन्यांनी मक्याचा दाणा पचावयास थोडा सुलभ होतो, इतकेच. तथापि हवा न शिरल्यास तो वर्षभर टिकतो. तेव्हा उघडण्याचा दिवस ठरवावयाचा तो आपल्या गरजेवरून.

त्याचा हिशोब असा. सहा जनावरांस प्रत्येकी १५ किलो धरिल्यास रोज ९० किलो लागतात. एका घनमीटरात सुमारे ५०० किलो मावतात. म्हणजे ९ घनमीटरांच्या खड्ड्यात ४,५०० किलो, अर्थात ५० दिवसांची बेगमी. नंदुरबारकडे नवी हिरवी वैरण जुलैच्या मध्यास हाती येईल असे धरिल्यास मे महिन्याच्या अखेरीस खड्डा उघडावा. काही भाग वाया जातोच. म्हणून चार-पाच दिवसांची तूट धरून कडबा राखून ठेवावा.

उघडल्यानंतर हवा हाच शत्रू. उन्हाळ्यात रोज निदान १५ सेंटिमीटर जाडीचा थर समोरून निघाला पाहिजे. वरील खड्डा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व दीड मीटर खोल असेल तर रोजचा थर अवघा ६ सेंटिमीटरांचा निघतो, व मागची वैरण तापून बुरसते. तेवढीच वैरण साडेसात मीटर लांब, १ मीटर रुंद व १.२ मीटर खोल खड्ड्यात घातल्यास बरोबर १५ सेंटिमीटर थर निघतो. यावरून, उघडण्याचा विचार खड्डा खणतानाच केला पाहिजे हे उघड आहे.

उघडताना एकच टोक मोकळे करावे. खड्ड्याच्या तळाशी प्राणघातक वायू साचलेला असतो. भरल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तर पिवळसर तपकिरी विषारी वायूही निघतो. हवा खेळल्यावाचून कोणासही आत उतरू देऊ नये. कंदील विझला तर मृत्यू जवळ आहे असे समजावे. पण तो जळत राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये. आत कोणी कोसळल्यास त्याच्यामागे उडी घेणे म्हणजे दुसरा जीव गमावणे होय.

उत्तम मुरघास हिरवट पिवळा असून त्यास आंबटगोड वास येतो. काळपट रंग व करपलेल्या गुळाचा वास म्हणजे तो तापला; सडक्या लोण्याची दुर्गंधी म्हणजे तो बिघडला. बुरसलेला भाग खतात टाकावा, जनावरांस कदापि घालू नये. पहिल्या दिवशी ५ किलोंपासून आरंभ करून आठ-दहा दिवसांत पुरे प्रमाण द्यावे, सोबत कोरडा कडबा असावा, व दुभत्या जनावरास धार काढून झाल्यावरच घालावा, म्हणजे दुधास वास लागत नाही. रोजचा भाग काढून झाला की तोंड पुन्हा झाकण्यास विसरू नये.