आजारी लेकरू आणि आईचा अभ्यास

वाचन: मार्क 5:21-43

सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या लेकीसाठी सर्वांसमक्ष येशूच्या पाया पडला. मदत मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. वाटेत उशीर झाला, मुलगी गेल्याचा निरोपही आला. तरी तो प्रभूबरोबर चालत राहिला. मुलगी उठल्यावर प्रभूने तिला खायला द्यायला सांगितले.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. एवढ्या काळात शिकणाऱ्या आईने लेकराच्या उशाशी पुस्तक उघडले, तर ती स्वार्थी ठरत नाही. सगळे पेपर जमत नसतील, तर यंदा एकच द्यावा. शेजाऱ्यांनो, 'प्रार्थना करतो' एवढ्यावर थांबू नका. डबा पोहोचवा, परीक्षेच्या दिवशी तीन तास मुलाजवळ बसा.

मनन: या आठवड्यात मी कोणाच्या दारी जाईन?