उष्णतेच्या लाटेत घर व माणसे यांची निगा

मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसवर पोचले, की ती उष्णतेची लाट मानली जाते. विदर्भात मे महिन्यात हा अनुभव नवा नाही.

पत्र्याच्या घरात धग मुख्यतः छपरातून उतरते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत; पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो. दारे-खिडक्या दिवसा लावून घ्याव्यात व रात्री उघडाव्यात. वाऱ्याच्या बाजूस वाळ्याचा ओला पडदा सोडावा. पाण्याची वाफ होताना आत येणारी हवा थंड होते. शेतकाम सकाळी लवकर उरकावे आणि तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे.

खिशात कांदा बाळगल्याने उष्माघात टळत नाही. अंग तापून माणूस बरळू लागला अथवा त्याची शुद्ध हरपली, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. रोग्यास सावलीत निजवून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसास पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांपर्यंत, पोचवावी.